पेन ड्राइव्हवरचे अल्बम : नाना आणि आईसाठी

पुणे,
वैशाख

ती. नाना व ती. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

या पत्रासोबत एक पेन ड्राइव्ह पाठवते आहे. त्यात नऊ अल्बम आहेत. काही नवे, काही जुने, बहुतेक तुमच्या कानावर न पडलेले. नाना फोनवर म्हणाले होते, "परदेशी गाण्यात आपल्याला काय कळणार?" हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर आहे. भजनात इतकी वर्षं तबला वाजवलेल्या माणसाला आणि पेटीवर काफी, भूप, भैरवी सहज शोधणाऱ्या बाईला यातलं बरंच कळणार आहे. गाण्यातले शब्द कळले नाहीत तरी चालेल. मात्रा आणि सूर तुमच्याकडे आहेत, तिथूनच आत शिरायचं.

आधी यंत्राचं सांगते, म्हणजे कुठे अडायला नको. पेन ड्राइव्ह डेकला मागून न लावता पुढच्या खाचेत लावा. प्रत्येक अल्बमच्या फोल्डरला ०१, ०२ असे आकडे दिलेत. पण असे डेक बरेचदा नावाचा क्रम पाहत नाहीत, फायली ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून भरतानाच मी एकेक फोल्डर ओळीने भरला आहे. शेजारच्या मुलाला त्यात "आणखी दोन गाणी टाकून दे" म्हणून देऊ नका, क्रम बिघडेल. शफलचं, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारं, बटण बंद ठेवा. सगळं मिळून एक जीबीच्या आसपासच आहे, पेन ड्राइव्ह जवळजवळ रिकामाच दिसेल. घाबरू नका, काही पुसलं गेलेलं नाही.

दोन्ही स्पीकर सध्या शोकेसच्या वर कोपऱ्यात एकमेकांना चिकटून आहेत. ते खाली घ्या. एकमेकांपासून पाच-सहा फूट लांब, भिंतीपासून निदान एक फूट पुढे, आणि खुर्चीत बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे स्टुलांवर ठेवा. तुम्ही समोर तेवढ्याच अंतरावर बसायचं, म्हणजे दोन स्पीकर आणि तुम्ही असा त्रिकोण होतो. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो, त्यामुळे डग्गा घुमतो आणि चाटीचा आवाज दबतो. कूलर सुरू असताना यातलं काहीही लावू नका. कूलरची घरघर खालच्या स्वरांना गिळते. मग आवाज वाढवावा लागतो आणि वरचे स्वर टोचायला लागतात. अमळनेरच्या उन्हाळ्यात दुपारी कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही. सकाळी सहा-साडेसहाला ऐका, तेव्हा ओसरीत गारवाही असतो.

नाना, तुमच्या डाव्या कानाचं यंत्र बोलणं ऐकण्यासाठी बसवलेलं आहे. संगीताला ते फसतं. बासरीचा किंवा व्हायोलिनचा लांब सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते ती कापायला जातं आणि सूर थरथरल्यासारखा येतो. पुढच्या वेळी तपासणीला गेलात की "म्युझिक प्रोग्राम" वेगळा बसवून द्या असं सांगा. त्यात शिट्टी थांबवणारी सोय आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद किंवा अगदी कमी करून घ्यायची, आणि मोठा-लहान आवाज सारखा करणारं दाबणंही कमी करून घ्यायचं. तोवर यंत्र काढून, डेकचं ट्रेबल थोडं वाढवून ऐका. वयानुसार कानाचे वरचे स्वर आधी जातात, त्यामुळे नुसता व्हॉल्यूम वाढवून स्पष्टपणा येत नाही.

आता अल्बम.

पहिला 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. हा सोपा, ओळखीचा, म्हणून आधी. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत असा यातल्या रागांचा क्रम आहे, म्हणून तो पहिल्यापासूनच लावा. सुरुवात अहिर भैरवने. काबरांची गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूची पट्टी सरकवत वाजते, त्यामुळे तिच्यात मींड येते. हे लक्षात आलं की ती परकी वाटत नाही.

दुसरा नानांसाठी, डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीचा 'टाइम आउट', १९५९ चा. अमेरिकन जॅझ तेव्हा बहुतेक चार मात्रांत चालायचा. १९५८ मध्ये ही मंडळी सरकारी दौऱ्यावर तुर्कस्तान, भारत अशी फिरली आणि तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडे ब्रूबेकने नऊ मात्रांचा ठेका ऐकला. पहिलं गाणं त्याचंच. नाना, टाळी अशी धरा : दोन-दोन-दोन-तीन, दोन-दोन-दोन-तीन, दोन-दोन-दोन-तीन, आणि चौथ्या आवर्तनाला तीन-तीन-तीन. नेमकं इथेच चुकतं. चौथ्या आवर्तनालाही हात सवयीने दोन-दोन करत राहतो आणि सम हुकते. पुढे सोलो, म्हणजे एकेकाचं एकट्याने वाजवणं, सुरू झाले की गाणं साध्या चार मात्रांवर जातं, तेव्हा मोजणं सोडून नुसतं ऐका.

याच अल्बममधलं 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे, तीन अधिक दोन. आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन. म्हणजे झपतालाच्या तिसऱ्या मात्रेला सम मानून मोजलं की हाच ठेका हाती येतो. ही चाल पॉल डेसमंडची, सॅक्सोफोनही त्याचाच. मध्ये जो मॉरेलो ड्रम एकटा वाजवतो, तेव्हा पियानो मागे तोच पाच मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. एकल तबल्याच्या मागे लेहरा असतो ना, तेच काम. ड्रमकडे लक्ष दिलंत तर मात्रा हरवतील. पियानोवर कान ठेवून बोटांवर मोजा, मग मॉरेलो समेपासून किती लांब जाऊन परत येतो ते दिसेल. माझ्या मते हा नऊंतला तालाच्या दृष्टीने सगळ्यात समाधान देणारा अल्बम आहे. सुरांच्या दृष्टीने मात्र पुढचा त्याच्या कितीतरी वर.

तो म्हणजे माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', हाही १९५९ चाच. न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला. आई, हा तुझ्यासाठी, आणि पेटी घेऊन बैस. पहिलं गाणं 'सो व्हॉट'. सुरुवातीला पियानो आणि मोठं बास (खर्जाचं उभं तंतुवाद्य) चाचपडल्यासारखं वाजतात, तिथे लय शोधू नकोस. साधारण अर्ध्या मिनिटाने बास एक वाक्य म्हणतं आणि पियानो दोन स्वरगुच्छांत उत्तर देतो. तिथून ठेका सुरू. आता पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, सा धर आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर वर जा. कोमल ग, कोमल नी, बाकी शुद्ध. आपला काफी थाट! काही वेळाने सगळं एकदम अर्धा स्वर वर सरकतं, म्हणजे काळी दोन सा होते, थाट तोच. मग परत पांढरी दोनवर.

नाना, हे सरकणं नेमकं मोजता येतं. तीनतालाची चार आवर्तनं खालच्या सावर, दोन आवर्तनं वरच्या सावर, दोन परत खाली. अशा आठ आवर्तनांचा एक फेरा, आणि सगळे सोलो याच फेऱ्यावर. आधी ट्रम्पेट माइल्सचा, मग जॉन कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, मग कॅननबॉल ॲडर्लीचा अल्टो, मग बिल इव्हान्सचा पियानो. माइल्स स्वर कमी वापरतो आणि गप्प बसायची त्याला भीती वाटत नाही. कोल्ट्रेन त्याच फेऱ्यात तानांवर ताना घालतो. मला माइल्सचा जास्त आवडतो. नानांना बहुधा कोल्ट्रेन आवडेल.

दोन अडचणी येऊ शकतात. एक, जुन्या आवृत्त्यांत पहिली तीन गाणी किंचित चढी वाजतात, कारण पहिल्या दिवशी मूळ टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. १९९७ ची सुधारलेली आवृत्ती मी पेन ड्राइव्हवर घातली आहे. तरीही पेटी जुळली नाही तर पेटीचे सूर उतरलेत असं समज, आपली पेटी बरीच वर्षं सुरात लावलेली नाही. दोन, यात कोल्ट्रेन पूर्ण डाव्या स्पीकरमधून येतो आणि ॲडर्ली उजव्या. नाना, तुमचा डावा कान कमी आहे, म्हणजे कोल्ट्रेनच निम्मा हरवणार. डेकवर मोनोचं बटण आहे ते दाबा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून सारखंच ऐकू येईल. नसेल सापडत तर या अल्बमपुरती खुर्ची फिरवून उजवा कान डाव्या स्पीकरकडे करा.

शेवटचं 'फ्लॅमेंको स्केचेस' दोघांनी मिळून ऐका. त्यात पाच स्वरसप्तकं ठरवून दिली आहेत आणि प्रत्येक वादक एकावर हवं तितका वेळ थांबून मग पुढच्यावर जातो. आवर्तनांची बांधीलकी नाही. रागमालेच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला त्या संगीतात भेटलेलं नाही.

चौथा क्यूबाचा, 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब'. मार्च १९९६ मध्ये हवानात ध्वनिमुद्रण, १९९७ मध्ये प्रसिद्धी. यात गाणारे-वाजवणारे बरेचसे म्हातारे आहेत आणि ते मुद्दाम सांगते आहे : कोंपाय सेगुंदो तेव्हा ८८ वर्षांचे, पियानोवर रुबेन गोन्सालेस ७६, गायक इब्राहिम फेरेर ६९. आवाज थकलेला ऐकू येतो, पण लय कुठेही ढिली नाही. त्या संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे', दोन लाकडी दांड्यांचा ठोका. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेला चमच्याने वाटीवर ठोका. ठायीत करा, नंतर दुगुणीत. सातवीचा ठोका नेहमी आठवीवर घसरतो. तो घसरला की सगळं साधं होतं आणि मजा जाते. काही गाण्यांत दोन ठोक्यांचा अर्धा भाग आधी येतो, तेव्हा नवव्या मात्रेपासून मोजायला लागा. हा नऊंतला एकमेव अल्बम जो पाहुणे घरात असतानाही लावता येईल.

पाचवा मालीचा, 'इन द हार्ट ऑफ द मून', २००५ चा. अली फार्का तुरे यांची गिटार आणि तुमानी जाबाते यांचा कोरा. बामाकोत नायजर नदीकाठच्या एका हॉटेलात, तालमी न करता केलेलं हे ध्वनिमुद्रण. कोरा म्हणजे आपल्या तानपुऱ्यासारखाच भोपळा, पण अर्धा कापलेला, त्यावर गाईचं कातडं ताणलेलं आणि २१ तारा. वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या एवढीच चार बोटं. अंगठे खाली एक छोटा तुकडा फिरवत ठेवतात, त्याला ते कुंबेंगो म्हणतात. तर्जन्या वर झरझर उतरत्या ताना घेतात, ते बिरिमिंतिंगो. पहिल्यांदा ऐकताना चारपाच वाद्यं असल्यासारखं वाटेल. गिटार कोणती आणि कोरा कोणता हे ओळखायचं तर असं करा : वरच्या स्वरांत झरझर उतरत्या ताना ज्याच्या येतात तो कोरा. यात काही 'घडत' नाही अशी तक्रार आई करेल. खरंच घडत नाही. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाल्यावर हळू आवाजात लावा, तासभर.

सहावा जर्मन संगीतकार बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चा, म्हणजे एकाच आराखड्यावरच्या वेगवेगळ्या रूपांचा. मूळ रचना १७४१ मध्ये छापलेली. ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकाने ती दोनदा मुद्रित केली : १९५५ मध्ये तरुणपणी, सुमारे ३८ मिनिटांत, आणि १९८१ मध्ये, ५१ मिनिटांत. दुसरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९८२ मध्ये, तो गेला. मी दुसरी घातली आहे. लोक पहिलीच्या वेगाचं कौतुक करतात आणि तो वेग थक्क करतो हे खरंच आहे. पण द्रुतात झाकून जाणारं विलंबितात उघडं पडतं हे तुम्हाला सांगायला नको. सुरुवातीच्या संथ चालीचा खालचा, डाव्या हाताचा आराखडा ३२ मापांचा आहे, आणि पुढची तीसही रूपं त्याच आराखड्यावर बांधलेली आहेत. म्हणून वरची चाल शोधू नका, ती परत येत नाही. शेवटी एकदाच येते. तिसावं सोडलं तर दर तिसऱ्या रूपात एक स्वरओळ दुसरीची नक्कल थोड्या अंतराने करते. सगळं शुद्ध स्वरांचं, बिलावलासारखं, सा पांढरी पाच. फक्त १५ वं, २१ वं आणि २५ वं कोमल अंगाचं. पंचविसावं सगळ्यात लांब आणि सगळ्यात दुःखी आहे, तिथे उठून चहा ठेवू नका. मागे कुणीतरी गुणगुणतंय असं वाटेल. तो गूल्डच आहे, डेकमध्ये बिघाड नाही.

सातवा पिंक फ्लॉइड या इंग्रज रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ चा. याबद्दल माझं मत अर्धवट आहे. ध्वनिमुद्रणाचं काम म्हणून तो आजही अफाट आहे, गाणी म्हणून दोन-तीनच टिकतात. नानांनी 'मनी' ऐकावं, ते सात मात्रांचं आहे. नाण्यांचे आणि गल्ल्याचे आवाज टेप कापून, जोडून फिरवत ठेवले आहेत आणि तेच सात मोजून देतात. रूपकासारखं तीन-दोन-दोन मोजायला गेलात तर अडखळाल, चार-तीन मोजा. गिटारचा सोलो आला की चार मात्रांवर जातं, नंतर परत सातवर. आईने त्याच्या आधीचं 'द ग्रेट गिग इन द स्काय' ऐकावं. क्लेअर टोरी या गायिकेने त्यात एकही शब्द न घेता नुसता आकार लावून गायलं आहे. सावधगिरी एवढीच : अल्बमची सुरुवात फार हळू आहे, नुसते हृदयाचे ठोके. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, पुढे गजराची घड्याळं एकदम वाजतात आणि दचकायला होतं. यातली गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत आणि आपला डेक दोन फायलींमध्ये क्षणभर थांबतो, म्हणून मी अख्खा अल्बम जोडून एकच फाइल केली आहे. यात पुढचं बटण दाबलं तर थेट आठवा अल्बम लागेल.

आठवा 'ॲज वी स्पीक', २०२३ चा. झाकिर हुसेन, बासरीवर राकेश चौरसिया, बेला फ्लेकचा बँजो आणि एडगर मायरचं मोठं बास. फेब्रुवारी २०२४ मध्ये याला ग्रॅमी मिळालं. त्याच समारंभात 'शक्ती' या गटाच्या 'धिस मोमेंट'लाही मिळालं, ज्यात शंकर महादेवन गातात आणि तबल्यावर पुन्हा झाकिरच आहेत. तो मी घातलेला नाही. भरताला मसाले जास्त पडले की भाजलेल्या वांग्याची चव झाकते, तसं तिथे थरावर थर चढून होतं. 'ॲज वी स्पीक'मध्ये चारच माणसं आणि चौघंही पूर्ण ऐकू येतात. मायर बास गजाने वाजवतो तेव्हा ते सारंगीच्या खर्जासारखं लागतं. बँजोचा सूर फार लवकर मरतो, त्यामुळे फ्लेकला सतत वाजवत राहावं लागतं. झाकिर नेमके तिथे हात आवरतात, डग्ग्यावर एखादा घिस्सा देऊन थांबतात. नाना, हे थांबणं ऐका. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले. एवढं अलीकडचं आणि इतकं नितळ मुद्रित झालेलं त्यांचं वाजवणं हाताशी आहे हे आपलं भाग्य.

नववा अरूज आफताब या पाकिस्तानी गायिकेचा 'व्हल्चर प्रिन्स', २०२१ चा. आईला मेहदी हसन यांनी गायलेली हफीज होशियारपुरींची 'मोहब्बत करनेवाले' पाठ आहे. हीच गझल इथे गिटारच्या साथीने, अगदी संथ आहे. चाल बदललेली आहे आणि शब्द इतके ताणलेले आहेत की शेर कुठे संपला ते कळत नाही. नानांना हे अजिबात आवडणार नाही, असा माझा अंदाज. आईला दुसऱ्यांदा ऐकल्यावर आवडेल. मला वाटतं, गझलेचा अर्थ थोडा हरवतो, पण विरह हरवत नाही.

काय घातलं नाही तेही सांगते. आईने भीमसेनजींच्या अभंगांचे 'लो-फाय' प्रकार मागितले होते. ते मूळ मुद्रण हळू करून, वर घुमारा घालून बनवतात. वेग दहा टक्क्यांनी उतरवला की सूरही जवळजवळ दोन अर्धस्वरांनी उतरतो, आवाज जाड आणि आजारी होतो, आणि घुमाऱ्याने टाळ सगळा एकमेकांत कालवला जातो. मूळचे अभंग तुमच्याकडे कॅसेटवर आहेतच, तेच ऐका. आपल्या खानदेशातल्या कानबाई आणि गुलाबाई या सणांच्या गाण्यांचे हल्ली जे अल्बम निघतात, त्यांतले बहुतेक याच कारणाने वगळले. बायका ही गाणी म्हणतात तेव्हा नाव घेताना ओळ लांबते, कधी एखादी मात्रा खाल्ली जाते, आणि सगळ्या जणी त्या लांबलेल्या ओळीवर बरोबर थांबतात. खाली कीबोर्डचा ठेका घातला की ती ओळ आठ मात्रांत कोंबावी लागते. आई, यंदा श्रावणात कानबाई बसतील तेव्हा मोबाइल घेऊन हातभर अंतरावर, चादरीच्या घडीवर ठेव. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघ. आवाज फाटत असेल तर मोबाइल अजून दोन हात मागे ने, आवाजाची पातळी नंतर इथे वाढवता येते, फाटलेला आवाज शिवता येत नाही. ढोलकीवाल्यापासून लांब ठेव. गाण्याच्या मध्येच थांबवू नकोस, एका रात्रीची एकच लांब फाइल चालेल, कापायचं काम मी करीन.

सगळं एका दमात ऐकायचं नाही. आठवड्याला एक अल्बम, सलग, आणि पुढच्या आठवड्यात तोच परत. पहिल्यांदा मात्रा न मोजता, दुसऱ्यांदा मोजून. रविवारी फोन केलात की आधी नानांनी 'टाइम आउट'च्या चौथ्या आवर्तनाचं काय झालं ते सांगायचं.

स्पीकर खाली घेताना नानांनी एकट्याने उचलू नये, वरच्या आळीतल्या मुलांना बोलवा. रक्तदाबाची गोळी संपत आली असेल, बघा.

तुमची,
छोटी